बॅकअपवर जाणं सोपं, परत येणं अवघड: ४३ सेकंदांचा बिघाड, २४ तासांचं काम आणि तुमच्या दुकानाचा डेटा



धंद्याच्या डेटाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "बॅकअप आहे का?" बरेच जण लगेच हो म्हणतात. कोणाचा पेनड्राइव्हवर असतो, कोणाचा गूगल ड्राइव्हवर, कोणी घरच्या लॅपटॉपवर रोज कॉपी घेतो. चांगली गोष्ट आहे.

पण दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. समजा दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला आणि तुम्ही लॅपटॉपवर बिलं करायला लागलात. दिवसभर काम चाललं. संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. आता लॅपटॉपवरून परत त्या कॉम्प्युटरवर कसं जाणार? कोणता डेटा कोणावर चढवणार?

नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. बिघाड होतो तेव्हा सगळे सावध असतात. मशीन दुरुस्त झालं की "सुटलो एकदाचे" म्हणून घाई होते, आणि एक चुकीची कॉपी दिवसभराची बिलं पुसून टाकते. आज आपण या परतीच्या प्रवासाबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी आधी जगातल्या एका मोठ्या कंपनीची खरी घटना बघू आणि मग तीच गोष्ट आपल्या काउंटरवर आणू.

आधी चार शब्द समजून घेऊ

शब्द इंग्रजी आहेत, पण अर्थ सोपा आहे.

रेप्लिकेशन: एका मशीनवर जी नोंद होते तीच नोंद आपोआप दुसऱ्या मशीनवर जाते. तुम्ही रोजमेळ लिहिताय आणि शेजारी बसलेला माणूस बघून बघून दुसऱ्या वहीत तेच उतरवतोय, असं समजा.

प्रायमरी आणि रेप्लिका: ज्या वहीत आपण स्वतः लिहितो ती प्रायमरी. ज्या वहीत उतरवून घेतलं जातं ती रेप्लिका.

फेलओव्हर: प्रायमरी बंद पडली म्हणून रेप्लिकालाच मुख्य वही करून काम पुढे चालू ठेवणं.

फेलबॅक: मूळ मशीन बरं झालं की काम पुन्हा तिकडे नेणं आणि उतरवून घेण्याची दिशा पुन्हा पहिल्यासारखी करणं.

यात एक बारीक गोष्ट आहे. शेजारचा माणूस उतरवून घेतो, पण तो तुमच्यापेक्षा एक-दोन ओळी मागे असतो. तुम्ही शेवटची ओळ लिहिली आणि त्याच क्षणी दिवे गेले, तर ती ओळ तुमच्या वहीत असते, त्याच्या वहीत नसते. आजचा सगळा लेख या एका ओळीबद्दल आहे.

४३ सेकंदांत काय झालं?

गिटहब नावाची कंपनी आहे. जगभरातले सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपला कोड तिथे ठेवतात. आपल्या पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांमध्येही ती रोज वापरली जाते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी, आंतरराष्ट्रीय वेळेनुसार रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी, तिथे नेहमीचं देखभालीचं काम चालू होतं. नेटवर्कचं एक बिघडत चाललेलं उपकरण बदलायचं होतं. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती, ४ वाजून २२ मिनिटं.

ते काम करताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर बाकीच्या नेटवर्कपासून तुटलं. किती वेळ? फक्त ४३ सेकंद. चहाचा कप अर्धाही होत नाही तेवढ्यात लाइन परत आली.

पण त्या ४३ सेकंदांत त्यांच्या ऑटोमॅटिक व्यवस्थेने आपलं काम केलं. ऑर्केस्ट्रेटर नावाचं सॉफ्टवेअर मुख्य डेटाबेस कोणता हे ठरवत होतं. त्याचे वेगवेगळ्या ठिकाणचे भाग मिळून बहुमताने निर्णय घेतात. पूर्वेचं मुख्य सेंटर दिसत नाही म्हटल्यावर उरलेल्यांनी बहुमत जमवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य करून टाकलं. म्हणजे फेलओव्हर झालं, आणि सॉफ्टवेअरने सांगितल्याप्रमाणेच केलं.

लाइन परत आली तेव्हा परिस्थिती अशी होती. पूर्वेच्या डेटाबेसमध्ये काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेच्या डेटाबेसमध्ये आता नव्या नोंदी पडायला लागल्या होत्या ज्या पूर्वेला नव्हत्या. दोन वह्या होत्या, दोन्ही खऱ्या आणि दोन्ही अपुऱ्या.

लगेच परत का गेले नाहीत?

तुम्ही म्हणाल, लाइन आली ना, मग पुन्हा पूर्वेचा डेटाबेस मुख्य करा आणि विषय संपवा.

त्यांच्या इंजिनिअर मंडळींना नेमकं काय झालंय हे कळून निर्णय होईपर्यंत पश्चिमेच्या डेटाबेसमध्ये जवळजवळ ४० मिनिटांचं काम जमा झालं होतं. सरळ पूर्वेकडे परत गेले असते तर लोकांचं ४० मिनिटांचं काम गेलं असतं. पश्चिमेलाच कायमचं मुख्य ठेवलं असतं तर पूर्वेकडच्या त्या काही सेकंदांच्या नोंदी बाजूला पडल्या असत्या. शिवाय वेबसाइट चालवणारी बरीचशी यंत्रणा पूर्वेला होती. प्रत्येक नोंदीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे सगळं संथ होणार. काउंटरवरच्या मुलाने प्रत्येक बिलासाठी गावाबाहेरच्या गोडाऊनला धावत जाऊन यावं, तसं.

तेव्हा त्यांनी एक निर्णय घेतला, आणि तो आपण शिकण्यासारखा आहे. साइट काही तास अर्धवट चालली तरी चालेल, पण लोकांचा डेटा सांभाळायचा. वेगापेक्षा हिशोब बरोबर असणं महत्त्वाचं. म्हणून त्यांनी काही सेवा मुद्दाम थांबवल्या आणि परतीचं काम सुरू केलं.

परतीचा रस्ता: एकेक टप्पा बघा

त्यांनी ठरवलेला क्रम असा होता. आधी बॅकअपवरून पूर्वेचे डेटाबेस पुन्हा उभे करायचे. मग ते पश्चिमेच्या मागे लावायचे, म्हणजे पश्चिमेला पडलेल्या सगळ्या नोंदी पूर्वेला उतरतील. दोन्ही बरोबरीला आले की मगच पूर्वेला पुन्हा मुख्य करायचं. आणि थांबवलेली, साठलेली कामं सगळ्यात शेवटी सोडायची.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते आपल्या घड्याळाप्रमाणे बघू.

सकाळी ६:११ ला बॅकअप परत आणायला सुरुवात झाली. त्यांचे बॅकअप दर चार तासांनी घेतले जात होते आणि रोज तपासलेही जात होते. पण ते दूर, क्लाउडवर ठेवलेले होते आणि डेटा कित्येक टेराबाइट होता. तो नुसता आणायलाच तास गेले. बॅकअप रोज तपासत असले तरी अख्खा क्लस्टर बॅकअपवरून पूर्ण उभा करायची वेळ त्यांच्यावर याआधी आलीच नव्हती.

दुपारी १२:२१ पर्यंत काही डेटाबेस उभे राहिले आणि पश्चिमेच्या नोंदी उतरवून घ्यायला लागले.

दुपारी ४:४२ ला सगळे मुख्य डेटाबेस पूर्वेला परत आले. साइट वेगाने चालायला लागली. पण फक्त वाचण्यासाठी ठेवलेल्या डझनावारी रेप्लिका अजून काही तास मागे होत्या. त्यामुळे लोकांना कधी नवीन माहिती दिसायची, कधी जुनी.

संध्याकाळी पावणेसातला तिकडे गर्दीची वेळ झाली. मागे पडलेल्या रेप्लिका बरोबरीला येण्याऐवजी आणखी मागे पडायला लागल्या. आधी त्यांनी अंदाज बांधला होता की मागचं काम सरळ रेषेत, एकाच वेगाने संपेल. तसं झालं नाही. शेवटी क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभ्या करून भार वाटून द्यावा लागला.

रात्री ९:५४ ला सगळ्या रेप्लिका बरोबरीला आल्या आणि रचना पहिल्यासारखी झाली. पण काम इथेही संपलं नाही. दरम्यान ५० लाखांहून जास्त सूचना आणि वेबपेज बनवण्याची ८० हजार कामं रांगेत अडकली होती. रांग सोडताना लक्षात आलं की सुमारे दोन लाख सूचनांची मुदत आत ठरलेल्या वेळेनुसार संपून त्या गळून पडल्या आहेत. तेव्हा ते गळणं थांबवून मुदत वाढवली.

मंगळवारी पहाटे ४:३३ ला सगळं सुरळीत झालं. एकूण २४ तास ११ मिनिटं.

आणि ती शेजारच्या वहीत न उतरलेली ओळ? पूर्वेच्या नोंदींच्या लॉग फाइल त्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या सगळ्यात जास्त वापराच्या एका क्लस्टरमध्ये अशा ९५४ नोंदी निघाल्या. कोणत्या आपोआप जुळतील आणि कोणत्यांसाठी ग्राहकाशी बोलावं लागेल हे एकेक करून बघावं लागलं. हा सगळा तपशील कंपनीने ३० ऑक्टोबरला स्वतः जाहीर केला, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतंय.

अजून एक गंमत बघा. ग्राहकांना सविस्तर माहिती देणारा लेख टाकायला त्यांना जास्तीची खटपट करावी लागली. कारण तो लेख ज्या सेवेतून प्रसिद्ध होतो ती सेवा त्यांचीच होती, आणि ती त्यांनी काही तास आधी थांबवलेली होती! तुमच्या ग्राहकांचे फोन नंबर बंद पडलेल्या कॉम्प्युटरमध्येच असतील तर तुमचीही हीच गत होणार.

आता आपल्या काउंटरवर येऊ

"सर, आमचं छोटं दुकान आहे, आम्हाला याचा काय उपयोग?" असा प्रश्न मनात आला असेल, तर हे उदाहरण नीट वाचा.

समजा, सांगलीत तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. काउंटरवर एक कॉम्प्युटर, आत ऑफिसात एक लॅपटॉप. बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटरवरून लॅपटॉपवर आपोआप कॉपी होतो.

सकाळी ११ वाजता कॉपी झाली. तेव्हा शेवटचं बिल ४११ नंबरचं होतं. त्यानंतर तीन नोंदी झाल्या. ४१२ नंबरचं ८५० रुपयांचं रोख बिल. ४१३ नंबरचं एका ठेकेदाराचं १८,४०० रुपयांचं उधारीचं बिल. आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने मागच्या उधारीपैकी ६,००० रुपये रोख जमा केले, त्याची पावती. ११:२० ला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला.

११:३५ ला तुम्ही लॅपटॉपवर काम सुरू केलं. लॅपटॉपला ४११ पर्यंतच माहीत आहे, म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला ४१२ नंबर दिला. संध्याकाळपर्यंत ४३८ पर्यंत, म्हणजे २७ बिलं झाली. सहा वाजता कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला. डिस्क ठणठणीत, सकाळचा सगळा डेटा जागेवर.

आता दोन सोपे रस्ते दिसतात आणि दोन्ही चुकीचे आहेत.

पहिला रस्ता, कॉम्प्युटर जोडला आणि चालू केला. नेहमीची कॉपी आपोआप सुरू झाली, कॉम्प्युटरवरून लॅपटॉपवर. दिवसभरातली २७ बिलं गेली.

दुसरा रस्ता, लॅपटॉपचा डेटा सरळ कॉम्प्युटरवर चढवला. २७ बिलं वाचली, पण सकाळच्या तीन नोंदी पुसल्या गेल्या. ठेकेदाराची १८,४०० ची उधारी वहीतच नाही, मग मागणार कशी? त्याहून वाईट म्हणजे ज्याने ६,००० रुपये भरले त्याला महिनाअखेरीला तुम्ही पुन्हा फोन करणार. तो म्हणणार, "अहो शेठ, मी तर भरलेत!" पैशाचं नुकसान एकवेळ भरून निघतं, पण त्या माणसाच्या मनातला तुमच्या हिशोबावरचा विश्वास भरून येत नाही.

आणि नंबरचा घोळ आहेच. ४१२ आणि ४१३ नंबरची दोन-दोन बिलं गिऱ्हाइकांच्या हातात आहेत.

गिटहबला जे ९५४ नोंदींचं झालं तेच इथे तीन नोंदींचं झालं. फक्त आकडा लहान आहे.

परत येण्याच्या आठ पायऱ्या

हे वहीत लिहून घ्या आणि कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवा.

१. दुरुस्त झालेलं मशीन लगेच नेटवर्कला जोडू नका. आधी इंटरनेटची आणि लॅनची वायर काढून ठेवा, वाय-फाय बंद करा. ऑटोमॅटिक कॉपी बंद करा, दोन्हीकडची. मशीन चालू करायचं ते फक्त डेटा बघायला.

२. दोन्ही डेटांची वेगळी कॉपी घ्या. कॉम्प्युटरचा एक पेनड्राइव्ह, लॅपटॉपचा दुसरा. दोन्हीवर तारीख आणि वेळ लिहा. आता पुढे काहीही चुकलं तरी इथपर्यंत परत येता येईल. ही पायरी कधीच गाळू नका.

३. तीन वेळा लिहून काढा. शेवटची कॉपी कधी झाली, मूळ मशीन कधी बंद पडलं, दुसऱ्या मशीनवर काम कधी सुरू झालं. आपल्या उदाहरणात ११:००, ११:२० आणि ११:३५. पहिल्या दोन वेळांच्या मधल्या नोंदी म्हणजे धोक्याच्या नोंदी.

४. त्या नोंदींची यादी कागदावर काढा. मूळ मशीनवरून बिल नंबर, गिऱ्हाईक, रक्कम, माल, रोख की उधार, सगळं उतरवा किंवा प्रिंट काढा. यूपीआयचं स्टेटमेंट, डिलिव्हरी चलन, व्हॉट्सॲपवर पाठवलेली बिलं हे तुमचे साक्षीदार आहेत, त्यांच्याशी ताडून बघा.

५. आता दिशा उलटी करा. सध्या खरी वही लॅपटॉप आहे. म्हणून लॅपटॉपवरून कॉम्प्युटरवर पूर्ण डेटा आणा. या वेळात दुकान लॅपटॉपवरच चालू ठेवा. कॉम्प्युटर फक्त मागे मागे येतोय, त्याच्यावर एकही बिल करायचं नाही.

६. शांत वेळ बघून बदल करा. दुकान बंद झाल्यावर लॅपटॉपवरच्या नोंदी थांबवा, शेवटची कॉपी आणा आणि ताळमेळ घ्या. बिलांची संख्या, शेवटचा नंबर, दिवसाची रोकड, एकूण उधारी आणि जास्त खपणाऱ्या पाच वस्तूंची शिल्लक. पाचही आकडे दोन्ही मशीनवर सारखे आले तरच पुढे जा. एकही जुळला नाही तर त्या रात्री बदल नाही, उद्या सकाळी लॅपटॉपवरच दुकान उघडायचं.

७. राहिलेल्या नोंदी हाताने घाला. त्या तीन नोंदी कॉम्प्युटरवर नव्याने भरा आणि शेऱ्यात कारण लिहा. नंबर भिडलेल्या बिलांचं काय करायचं हे आपल्या सीएला विचारून ठरवा, अंदाजाने नाही.

८. कॉपीची दिशा पुन्हा पहिल्यासारखी करा आणि ती खरंच चालते का ते बघा. कॉम्प्युटरवरून लॅपटॉपवर. एक नोंद करा, अर्ध्या तासाने लॅपटॉप उघडून ती दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ही पायरी बरेच जण विसरतात. मूळ मशीन चालू झालं म्हणून खूश होतात, कॉपी मात्र बंदच राहते. मग पुढच्या वेळी मशीन गेलं की कळतं, लॅपटॉपवरचा डेटा तीन महिन्यांपूर्वीचा आहे.

दिशा चुकली तर काय होतं?

गिटलॅब नावाची गिटहबसारखीच दुसरी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडे मुख्य डेटाबेसवरून दुसऱ्यावर होणारं रेप्लिकेशन बंद पडलं होतं. एक इंजिनिअर रात्री उशिरा ते पुन्हा सुरू करायला बसला. त्यासाठी दुसऱ्या मशीनवरचा जुना डेटा काढून टाकायचा होता. त्याने डिलीटची आज्ञा दिली, पण ती मुख्य मशीनवर! एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं, तोपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साधारण साडेचार जीबी उरला होता.

मग बॅकअप शोधायला गेले. रोज आपोआप होणारा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे होतच नव्हता. तो अयशस्वी झाल्याचे ईमेल यायला हवे होते, पण ते ईमेलही मध्येच अडवले जात होते. वाचवलं ते एका योगायोगाने. सुमारे सहा तास आधी एकाने वेगळ्याच कामासाठी हाताने एक कॉपी घेऊन ठेवली होती. त्यावरून साइट उभी केली. तरी मधल्या वेळेतला डेटा गेलाच. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० कमेंट आणि ७०० नवीन खाती. विशेष म्हणजे दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी.

एक, रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही. शेजारचा माणूस तुम्ही लिहिलेलं उतरवतो, तसंच तुम्ही खोडलेलंही खोडतो. चुकून एखाद्या गिऱ्हाइकाचं खातं डिलीट झालं तर अर्ध्या तासाने ते लॅपटॉपवरूनही जाईल. म्हणून रोज संध्याकाळची एक वेगळी, तारखेची, न बदलणारी कॉपी हवीच.

दोन, आपण कोणत्या मशीनवर बसलोय हे ओरडून सांगणारी खूण हवी. कॉम्प्युटरला हिरवा स्टिकर, लॅपटॉपला लाल. डेस्कटॉपचा रंगही वेगळा ठेवा. थकलेल्या माणसाला रात्री दहा वाजता नाव वाचायचं सुचत नाही, रंग मात्र दिसतो. आणि डिलीट किंवा रिस्टोअरचं बटण दाबताना दुसरं माणूस शेजारी असू द्या.

बिल नंबरचा प्रश्न आधीच सोडवा

बिल नंबर भिडण्याचा त्रास टाळायला एक सोपा उपाय आहे आणि तो नियमात बसतो. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे टॅक्स इनव्हॉइसचा नंबर क्रमाने असावा लागतो, १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. पण त्याच नियमात एकापेक्षा जास्त मालिका चालतात असंही म्हटलंय.

म्हणजे काय करायचं? काउंटरच्या कॉम्प्युटरची एक मालिका आणि लॅपटॉपची दुसरी मालिका आधीच सेट करून ठेवायची. लॅपटॉपच्या नंबरपुढे एखादं वेगळं अक्षर लावायचं. मशीन बंद पडलं की लॅपटॉपवर वेगळ्या मालिकेचं पहिलं बिल सुरू. वीजच गेली तर छापील बिलबुकाची तिसरी मालिका. मग कोणतंही बिल कुठलं आणि कधीचं हे नंबर बघूनच कळतं, आणि परतताना काहीच भिडत नाही. सुरू करण्याआधी तुमच्या सीएला एकदा दाखवा, म्हणजे रिटर्न भरताना त्यांचा गोंधळ होणार नाही.

कायद्याचाच विषय निघालाय तर अजून एक. सीजीएसटीच्या नियम ५७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्याने त्यांचा असा बॅकअप ठेवायचा आहे की अपघाताने त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील. आणि हिशोबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायच्या आहेत. म्हणजे परत उभं करता येणं ही तुमची जबाबदारीच आहे.

"आम्ही मोबाईल ॲप वापरतो, आम्हाला काय?"

क्लाउडवरचं बिलिंग ॲप वापरत असाल तर मशीनच्या रेप्लिकेशनची काळजी ती कंपनी घेते. पण इंटरनेट गेल्यावर दोन फोनवर ऑफलाइन बिलं करता येत असतील, तर तुमच्याकडेही दोन वह्या तयार होतात. एकदा दुकान बंद असताना करून बघा. दोन्ही फोनचं नेट बंद करा, दोन्हीवर एकेक चाचणीचं बिल करा, नेट चालू करा. नंबर भिडले का? दोन्ही बिलं राहिली की एक गायब झालं? उत्तर मिळाल्यावर त्या चाचणीच्या नोंदी रद्द करा.

एक्सेलची फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेत ठेवून दोघं जण वापरत असाल तरी हेच लागू आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी फाइल बदलली तर ड्रॉपबॉक्स ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची दुसरी फाइल करून ठेवतं. तशी फाइल दिसली की पटकन डिलीट करू नका. तीच तुमची दुसरी वही आहे, त्यात एखादी उधारी अडकलेली असू शकते.

ग्राहकाला काय सांगायचं?

गिटहबचा अंदाज चुकला कारण मागे पडलेलं काम सरळ रेषेत संपत नाही. नवीन गिऱ्हाईक येतच असतं. म्हणून "अर्ध्या तासात सगळं चालू होईल" असं वचन देऊ नका. "बिल मिळेल, जुनं खातं मात्र उद्या सकाळी बघून सांगतो" असं सांगा. जे नक्की देता येतं तेवढंच बोला. आणि महत्त्वाचे ५० फोन नंबर एका वहीत लिहून गल्ल्यात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकान बंद असेल त्या दिवशी एक तास काढा.

आधी दोन्ही मशीनची तारखेची कॉपी घ्या. मग मुख्य कॉम्प्युटर मुद्दाम बंद करा. लॅपटॉपवर दोन चाचणीची बिलं करा. नंतर वरच्या आठ पायऱ्या एकेक करून परत या. प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते लिहा. शेवटी चाचणीची बिलं रद्द करा किंवा सुरुवातीला घेतलेली कॉपी परत चढवा.

पहिल्या वेळी तीन-चार ठिकाणी अडाल. पासवर्ड आठवणार नाही, सॉफ्टवेअरचं लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालणार नाही, रिस्टोअर कुठून करायचं ते सापडणार नाही. अडलं तर चांगलंच आहे. बंद दुकानात अडलेलं परवडतं, भर गर्दीत दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही.

गिटहबने या घटनेनंतर आपली ऑटोमॅटिक व्यवस्था बदलली. मुख्य डेटाबेस आपोआप देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नये अशी सेटिंग केली. म्हणजे जाण्याचा रस्ता त्यांनी मुद्दाम थोडा अवघड केला, कारण परत येण्याची किंमत त्यांनी मोजली होती. तुम्हीही दुसऱ्या मशीनवर जायचा निर्णय कोण घेणार हे आज ठरवा. मालक, की काउंटरवरचा मुलगा? पाच मिनिटं वाट बघायची की लगेच जायचं? लाइट गेली म्हणून प्रत्येक वेळी लॅपटॉपवर उडी मारायची गरज नसते.

तुमच्या सरावात कोणत्या पायरीला अडलात ते कमेंटमध्ये नक्की लिहा. सगळ्यात जास्त लोक जिथे अडतील त्यावर पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवू. तोपर्यंत ती यादी भिंतीवर लावा, आणि लॅपटॉपला लाल स्टिकर आजच चिकटवा.